युनियनचा 'दिन' करायचाय? सोलापुरातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

युनियनच्या ऑफिसात नवा माणूस आला की ज्येष्ठ मंडळी त्याच्या गळ्यात पहिलं काम घालतात ते 'दिना'चं. मालकाशी बोलणी, सहायक कामगार आयुक्तांकडची तारीख, कोर्टाचे कागद हे सगळं जुन्यांकडे. आठ मार्च, एक मे, मानवी हक्क दिन हे नव्यांकडे. माझीही सुरुवात तशीच झाली. "बॅनर छापून घे, हार आण, माईकवाल्याला सांग, चहा दीडशे कप." माझं प्रशिक्षण एवढ्यावर आटोपलं.

दोन-तीन वर्षं मी तसेच दिन केले. फोटो छान यायचे. मग एका आठ मार्चच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका विडी कामगार अक्काला सहज विचारलं, "काल कार्यक्रमात काय झालं गं?" ती सूप मांडीवर ठेवून विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "गुलाब दिलं. चहा बरा होता."

त्या उत्तरानंतर मी हे काम पुन्हा पहिल्यापासून शिकले. ठेच लागून जे कळलं ते इथे ओळीने लिहिते. तुम्ही विडी, यंत्रमाग, टॉवेल-चादर, गारमेंट, बांधकाम, घरकाम, कुठल्याही युनियनचे असा, झेंडा कुठल्याही रंगाचा असो, काम तेच आहे. कार्यक्रमाहून घरी जाताना कामगाराच्या हातात काहीतरी हवं. भरलेला अर्ज, खिशात घडी करून ठेवता येईल असा कागद, नाहीतर "पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी मिळून कारखान्यात जायचं" असा एखादा निर्णय. यातलं काहीच देता येत नसेल तर त्या वर्षी तो दिन सोडून द्या. कोणी रागावत नाही.

पहिली पायरी : दिवस निवडा, आणि थोडेच निवडा

यादी काढायला बसलात तर डोकं गरगरेल. ८ मार्च महिला दिन. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. २८ एप्रिल कामावरची सुरक्षा आणि आरोग्य. १ मे. १२ जून बालमजुरीविरोधी दिन, १६ जून घरकामगार दिन, २६ जून शाहू महाराज जयंती म्हणजे आपल्याकडचा सामाजिक न्याय दिन. १८ सप्टेंबर समान वेतन दिन, ७ ऑक्टोबर सन्मानजनक कामाचा दिन. २५ नोव्हेंबरपासून १० डिसेंबरपर्यंत बायकांवरच्या हिंसेविरोधात सोळा दिवस, आणि त्यातच २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ३ डिसेंबरचा अपंग दिन. हे सगळे करणारी एक शाखा मला माहीत आहे. त्यांचं बॅनरचं बिल मोठं आहे आणि सभासद कमी होत चालले आहेत.

माझा सल्ला असा की वर्षाला चार, फार तर पाच दिवस धरा. त्यातला एक तरी सोलापूरच्या मातीतला असू द्या. बाहेरून आलेल्या दिवसाची ओळख करून द्यायलाच अर्धा तास जातो. आपल्या दिवसाला तो खर्च नाही.

आपल्याकडे असे दोन दिवस आहेत, आणि युनियनवाले दोन्ही विसरतात.

एक, १२ जानेवारी. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लावला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांना हार घालून आपण परत येतो. पण ही चार नावं एकापुढे एक ठेवून वाचा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. कुर्बान हुसेन तर गिरणी कामगारांत काम करणारे आणि वर्तमानपत्र चालवणारे. जातीधर्माच्या पलीकडची एकी कामगाराला समजावून सांगायला याहून जवळचा दाखला मला तरी ठाऊक नाही. अडचण एकच, हा दिवस सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला लागून येतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकांचे रस्ते, बंदोबस्त, दुकानदारी यात अर्धं शहर गुंतलेलं असतं. म्हणून कार्यक्रम सकाळी लवकर उरका, किंवा वस्तीतच घ्या.

दुसरा, ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो आला कुठून हे नव्या पोरांना माहीत नसतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं आणि हजेरी लावली. त्या कुंपणातली माणसं इथल्या गिरण्यांत राबली. तो कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षांनी. आज त्यांची नातवंडं बांधकामावर, भंगारात, हमालीत आहेत. समतेवर भाषण ठेवण्यापेक्षा त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला खुर्ची द्या आणि 'हजेरी' म्हणजे काय असायची ते सांगू द्या. गिरणीतली हजेरी आणि कुंपणातली हजेरी, शब्द एकच.

मोठ्या दिवसांची गोष्टही आपल्या बाजूने सांगता येते. १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाचा ठराव मांडला, हे सगळीकडे छापलेलं असतं. ८ मार्च ही तारीख मात्र पक्की झाली ती १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका संपावर उतरल्या त्या दिवसावरून. कापड गिरणी म्हटलं की जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बघितलेल्या सोलापूरकराचे कान टवकारतात. एक मे म्हणजे १८८६ चं शिकागो आणि आठ तासांची मागणी. भारतात तो पहिल्यांदा पाळला गेला १९२३ साली मद्रासला, सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने. आणि रविवारची सुट्टी कुठून आली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवार मिळाला. हे सांगून झालं की समोर बसलेल्या विडी कामगार बायकांना विचारा, "तुमचा रविवार कुठाय?" पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

दुसरी पायरी : एका दिवसाला एकच प्रश्न

'महिलांचे सक्षमीकरण' हा प्रश्न नव्हे. 'छाट काढताना आमच्यासमोर मोजा' हा प्रश्न आहे. छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. दिवस ठरला की महिनाभर आधी चार वस्त्यांत बसा आणि नुसतं ऐका. वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. मग त्यातला एकच प्रश्न उचला, असा की ज्यावर पंधरा दिवसांत काहीतरी हालचाल करता येईल.

१८ सप्टेंबरचं उदाहरण घेते, कारण समान वेतन हा विषय ऐकायला सोपा आणि करायला अवघड आहे.

टॉवेलच्या कारखान्यातून सुरुवात करा. भिंतीला मोठा कागद चिकटवा आणि चार रकाने आखा. काम कोणतं, करतं कोण, मजुरी कशावर मोजतात, वर्षाला बोनस किती. माग चालवणारे बहुतेक पुरुष. शिलाई, घडी, पॅकिंग याला बहुतेक बायका. आकडे कामगारांनीच सांगायचे, तुम्ही फक्त लिहायचे. तक्ता भरत आला की एखादी म्हणतेच, "मी आठ वर्षं घडी घालते, काल आलेल्या पोराला माझ्याहून जास्त?" इथे घाई करू नका. कायद्यातलं समान काम म्हणजे नावाने सारखं काम नव्हे. सारख्या परिस्थितीत केलेलं, कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखीच लागणारं काम. म्हणजे मागवाल्याशी घडीवालीची थेट तुलना टिकणार नाही. पण एकाच टेबलावर पॅकिंग करणाऱ्या बाई आणि बाप्याच्या मजुरीत फरक असेल तर तो सरळसरळ बेकायदा आहे. संविधानाच्या ३९ व्या कलमातही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लिहिलेलं आहे. कुठली तक्रार उभी राहते आणि कुठली राहत नाही, हे कार्यक्रमातच स्पष्ट सांगा. आज टाळ्या मिळवून उद्या हात वर करणारा कार्यकर्ता पुन्हा उभा केला जात नाही.

आता विडीकडे या. इथे तुलनाच करायला पुरुष सापडत नाही, विड्या वळतात त्या बायकाच. तेव्हा समान वेतनाचा तक्ता इथे उपयोगाचा नाही. इथे प्रश्न वेगळे निघतात. हजार विड्यांची मजुरी सरकारने ठरवलेल्या दराने मिळते का? पत्ता, म्हणजे विडीचं पान, कमी दिला आणि विड्या पूर्ण मागितल्या, तर वरचा पत्ता बाजारातून कोण विकत आणतं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे अनेक घरांत विडी कामगाराच्या एका कार्डावर सासू, सून, लेक अशा तिघी वळतात. भविष्य निर्वाह निधी एकीचा, पाठदुखी तिघींची. पेन्शनचा विषय निघालाच तर ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे, हा आकडा सांगा आणि जरा थांबा.

बाकीच्या दिवसांना काय धरायचं ते थोडक्यात. १२ जूनला बालमजुरीवर बोलताना आईला दटावू नका. शाळा त्याच सुमाराला उघडतात, म्हणून विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती आहे तिचे कागद गोळा करून द्या. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावा लागतो, आणि आधार, बँक खातं, कार्ड यातल्या नावांचा मेळ बसत नाही म्हणून निम्मी घरं अडतात. तेवढा मेळ बसवून दिलात तरी दिन सार्थकी लागला. सोळा दिवसांच्या मोहिमेत कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घ्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून लहान कारखान्यातली, घरात विड्या वळणारी किंवा दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. विडी तपासून घेताना कारखान्याचा चेकर काय बोलतो, हात कसा लावतो, हे बायका माईकवर सांगणार नाहीत. त्यासाठी वेगळी, फक्त बायकांची बैठक घ्या. तिथे मोबाईल बाहेर ठेवायचा.

२८ एप्रिलचा दिवस एकेकाळी मी टाळायचे. सुरक्षा म्हणजे हेल्मेटवाल्यांचा विषय, असं वाटायचं. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. तिथेच मुक्कामाला असलेलं मालकाचं कुटुंब आणि कामगार अशी आठ माणसं गेली. त्यात लहान बाळही होतं. तेव्हापासून २८ एप्रिलला आम्ही भाषण ठेवत नाही. प्रत्येक कारखान्यातल्या एका कामगाराने आपल्या कारखान्याचा नकाशा पेन्सिलने काढायचा. दार कुठे, दुसरं दार आहे का, त्याला कुलूप कोणाचं, सुताचे आणि टॉवेलचे ढीग कुठे, रात्री आत कोण झोपतं. दुसरं दार नसलेल्या नकाशांची चळत वेगळी ठेवायची. कागदावर एकदा आपल्या हाताने काढलं की माणसाला आपण कशात काम करतो ते दिसतं. यंत्रमागाचा आवाज, सुताची धूळ, तंबाखूचा ठसका हे विषयही आहेतच, पण ते पुढच्या वर्षी घ्या.

तिसरी पायरी : वेळ आणि जागा कामगाराच्या घड्याळाने

माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली. एका वर्षी महिला दिनाला सभागृह घेतलं, वेळ सकाळी अकरा. साडेअकराला समोर नऊ जणी, त्यातल्या चार आमच्याच कार्यकारिणीतल्या. त्या दिवशी कारखान्यात विड्या द्यायच्या होत्या आणि रांग हलत नव्हती. बायका एक वाजता आल्या, उन्हातून, डोक्यावर पत्त्याचं गाठोडं घेऊन. तोवर पाहुण्यांचं भाषण चालू झालं होतं. 'स्त्री ही आदिशक्ती' या विषयावर ते पन्नास मिनिटं बोलले. आदिशक्ती मागच्या रांगेत डुलक्या काढत होत्या.

तेव्हा आधी हे विचारून घ्या : कारखान्यात विड्या द्यायची वेळ कोणती, पगार कुठल्या वारी, यंत्रमागाची पाळी कधी बदलते, नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सोलापुरात पाण्याच्या दिवशी कार्यक्रम ठेवणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो किंवा त्याच्या घरी पाणी दुसरं कोणी भरतं.

यंत्रमाग कामगारांसाठी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या जवळच, अर्ध्या तासाची गेट मीटिंग सगळ्यात बरी. विडी कामगारांसाठी वस्ती. शहराजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं आहेत, ती विडी कामगार बायकांची स्वतःची घरं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. अशा ठिकाणी माणसं गोळा करायची नसतात, आपण तिथे जायचं असतं. अशोक चौक, दत्त नगर, नीलम नगर या पूर्व भागातही तसंच. एखाद्या ओट्यावर दुपारी तीनच्या सुमाराला बसलात तर बायका आपापलं सूप घेऊन येतात आणि हात चालू ठेवून ऐकतात. हात थांबवायला लावू नका. एक तास हात थांबले तर किती विड्या बुडतात याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असतो, मग तुमचं भाषण कितीही चांगलं असो.

एप्रिल-मे महिन्यात मोकळ्यावर काही ठेवायचं तर सकाळी सातला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो हे तुम्हाला सांगायला नको, पण पाहुणे जमवणाऱ्यांना सांगावं लागतं. एक मेला सरकारी झेंडावंदनही असतं, तेव्हा आपला झेंडा त्याच्या आधी लावून मोकळं व्हा. ऑक्टोबरात काही करायचं तर नवरात्र आणि बतकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, यांच्या संध्याकाळी बघून ठरवा. उलट, बतकम्माचा फेर धरणाऱ्या बायकांना मागणीची दोन कडवी रचायला सांगून बघा. आमच्या पत्रकापेक्षा ती कडवी जास्त दिवस टिकली.

चौथी पायरी : भाषा

सोलापुरात एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, वळणावर दखनी उर्दू आणि नाक्यावर मराठी. बॅनर मराठीत असू द्या, पण बोलायला बाकीच्या तिन्ही भाषांतलं कोणीतरी हवं. भाषांतर करवून घेताना पुस्तकी शब्दांपासून जपा. एकदा आम्ही तेलुगूत 'समान पनिकि समान वेतनम' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. एका म्हातारीने विचारलं, "वेतनम म्हणजे सरकारी नोकरांचं ना? आमची तर कूली." बरोबर होतं तिचं. मजुरीला मजुरी म्हणा, कूलीला कूली. वाचता न येणाऱ्या कितीतरी जणी असतात, म्हणून पत्रकापेक्षा मोबाईलवरचा एक मिनिटाचा आवाज, तिच्याच भाषेत, तिच्याच ओळखीच्या बाईचा, जास्त लांब जातो.

पाचवी पायरी : स्टेजवर कोण, चहा कोण करतं

समतेचा दिन आणि स्टेजवर सहा पुरुष, एक बाई सूत्रसंचालनाला. मागे चहा बायका करतायत. हा फोटो प्रत्येक युनियनकडे आहे, आमच्याकडेही. यावर भाषण देऊन काही होत नाही, आधीच लेखी ठरवावं लागतं. आमचे नियम साधे आहेत. निम्म्या खुर्च्या बायकांच्या. पाहुणा एकच, दहा मिनिटं, आणि घड्याळ धरायला एक कडक बाई. चहा, सतरंज्या, झाडलोट पुरुष सभासदांकडे. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. एक ज्येष्ठ भाऊ म्हणाले, "मी तीस वर्षं संघटनेत आहे, आता कप विसळू?" त्यांनी विसळले. चहा मात्र फार गोड झाला होता.

समता म्हणताना कोण कोण राहून जातं तेही बघा. तृतीयपंथी माणसं आपल्या शहरात आहेत, त्यातले काही जण मजुरीही करतात, पण आपल्या सभासद फॉर्मवर 'स्त्री / पुरुष' एवढंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच त्यांची ओळख मान्य केली. फॉर्मवर एक रकाना वाढवायला किती खर्च येतो? अपंग कामगाराला जिना चढून वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बोलावू नका. आणि जयंतीच्या कार्यक्रमात एका समाजाचे लोक आयोजक, दुसऱ्याचे फक्त प्रेक्षक असं होत असेल तर ते तुमच्या ध्यानात यायला हवं. बाबासाहेबांची जयंती युनियनने करायची ती त्यांच्या मजूरमंत्रीपदाच्या कामासाठीही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं त्यांच्याकडे होतं, आणि कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. हे सांगितलं की मागवाल्यांनाही कळतं की ही आपलीच जयंती आहे.

सहावी पायरी : परवानगी, पैसे

यात फार काही नाही, पण चुकलात तर दिवस बुडतो. भागातल्या पोलीस ठाण्यात, म्हणजे जेल रोड, जोडभावी पेठ, एमआयडीसी जे लागू असेल तिथे, आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. शहरात मनाई आदेश लागू आहे का ते विचारा, तेव्हा पाच माणसांचा जमावही अडचणीत येतो. रॅली असेल तर मार्ग लिहून वाहतूक शाखेलाही प्रत. मंडप रस्त्यावर येत असेल तर महापालिका. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर बंद. सरकारी कचेरीच्या पूनम गेटसमोर निवेदन द्यायला जाणार असाल तर आत कोण पाच जण जाणार ते आधीच ठरवा, गेटवर नावांवरून भांडण होतं.

पैसे सभासदांच्या पावत्यांतून. पाच-दहा रुपयांची पावती फाडायला लाजू नका, पावती फाडलेला माणूस कार्यक्रमाला येतो. मालकाकडून मंडप किंवा जेवण घेऊ नका. प्रेमाने देतील, आणि पुढच्या बोनसच्या बोलणीत त्या जेवणाची आठवणही प्रेमाने करून देतील.

सातवी पायरी : कायदा छापण्याआधी दोनदा वाचा

ऑफिसच्या कपाटात जुन्या पत्रकांचे गठ्ठे असतात. त्यातलं एक उचलून तारीख बदलून छापायचा मोह होतो. आता तो अंगाशी येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांच्यात गेले. १९७६ चा समान वेतन कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा, खुद्द १९२६ चा ट्रेड युनियन कायदासुद्धा. समान मजुरीचं आता वेतन संहितेत शोधायचं. नियुक्तीपत्र प्रत्येक कामगाराला द्यावं, असंही नव्या कायद्यात आलंय. टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या आणि आपण तिथे कामाला होतो याचा एकही कागद नसलेल्या माणसाला हे नक्की सांगा. २०१३ चा लैंगिक छळाचा कायदा आणि बालमजुरीचा कायदा मात्र वेगळे आहेत, ते तसेच आहेत.

तुमची युनियन या संहितांच्या विरोधात रस्त्यावर उतरत असेल. उतरा. पण कामगाराला आज अर्ज करायचा तर तो आज चालू असलेल्या कायद्याखाली करावा लागतो. विरोधाचं भाषण आणि अर्जाचा नमुना हे दोन कागद वेगवेगळे ठेवा. छापण्याआधी मजकूर एकदा वकिलाला आणि एकदा सातवी शिकलेल्या सभासदाला वाचायला द्या. दुसऱ्याचं मत जास्त मोलाचं.

आठवी पायरी : प्रत्यक्ष दिवस

दीड तासाच्या वर जाऊ नका. सुरुवात गाण्याने किंवा घोषणांनी, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा पकडायला वेळ मिळतो. मग दिवसाची गोष्ट, पाच मिनिटं. मग दोन-तीन कामगारांचं स्वतःचं बोलणं. त्यांना आदल्या दिवशी भेटून ठेवा, पण लिहून देऊ नका. लिहून दिलं की ती तुमचं बोलते. रडू आलं तर माईक काढून घेऊ नका, आणि कॅमेरा जवळ नेऊ नका. मग तक्ता, नकाशा, अर्ज, जे काही त्या दिवसाचं काम असेल ते. यालाच निम्मा वेळ द्या. शेवटी ठराव, दोन ओळींचा, हात वर करून.

एका कोपऱ्यात टेबल टाकून दोन पोरं बसवा, हातात स्टॅम्प पॅड, पेन, झेरॉक्ससाठी जवळचं दुकान ठरवलेलं. लहान मुलं येणारच. त्यांना खडू आणि जागा द्या, नाहीतर ती वायरी ओढतात. फोटो टाकण्याआधी ज्यांचा आहे त्यांना विचारा. कार्यक्रमात पुढे बसलेली दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी पत्ता कमी मिळाल्याच्या गोष्टी ऐकल्यात मी.

नववी पायरी : दुसऱ्या दिवशीची सकाळ

दमून झोपू नका. म्हणजे झोपा, पण नऊला ऑफिसात या. जमलेले अर्ज कारखान्याप्रमाणे लावा. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एक द्यायला, एक शिक्का मारून परत घ्यायला. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तुम्ही एकटे जाऊ नका, अर्ज ज्यांचे आहेत त्यांच्यातल्या दोघींना बरोबर न्या. टेबलापलीकडच्या साहेबाला पहिल्यांदा "साहेब, आमची पोहोच द्या" असं म्हणताना आवाज बारीक होतो, दुसऱ्यांदा होत नाही.

वहीत तीन रकाने करा. नाव, काय मागितलं, पुढची तारीख. तारखेचा रकाना रिकामा राहिला तर तुमचा दिन अजून संपलेला नाही. आणि ती वही ऑफिसच्या कपाटात नको, वस्तीतल्या एखाद्या सभासद बाईकडे ठेवा. आमची वही ज्या अक्काकडे असते तिने तिला प्लास्टिकची पिशवी घातलीय आणि ती देवघराच्या खालच्या फळीवर ठेवते. तारीख जवळ आली की तीच मला फोन करते.